लग्नानंतर ब्रिटनला: जोडीदाराचा व्हिसा, २९,००० पाउंडांची अट आणि समानतेचा कायदा नेमका कुठे कामी येतो

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पुरुषाला बायको आणणे सोपे आणि स्थायिक झालेल्या बाईला नवरा आणणे अवघड, असा भेद १९८५ पर्यंत तिथल्या इमिग्रेशन नियमांतच लिहिलेला होता. सरकारचे म्हणणे असे की नवरे येऊन नोकऱ्या घेतात, बायका घरी बसतात. तीन स्त्रिया हे प्रकरण घेऊन स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि मे १९८५ मध्ये जिंकल्या. न्यायालयाने हा उघड लिंगभेद ठरवला. मग सरकारने काय केले? बायकांना असलेली सवलत नवऱ्यांना देण्याऐवजी नवऱ्यांवरच्या जाचक अटी बायकांवरही लादल्या. दोघांना सारखाच त्रास, म्हणजे समानता झाली!

हा इतिहास आधी सांगितला, कारण आजच्या नियमांचाही साचा तोच आहे. आज नियमात कुठेही 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहिलेले नाही. अट सगळ्यांना एकच आहे, पण तिचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. तो कुठे जास्त पडतो आणि नियमांत त्यावर कुठे कुठे वाटा ठेवल्या आहेत, हे ठाऊक असेल तर अर्ज नीट उभा राहतो. ते ठाऊक नसेल तर खऱ्या लग्नाचा अर्जही कागदावर फसतो. खालची फी आणि रकमा एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दरांच्या आहेत. ब्रिटिश सरकार बहुधा दर एप्रिलमध्ये फी वाढवते, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा आकडाच खरा मानायचा.

पायरी १: आपला रस्ता कोणता ते आधी ठरवा

निम्मा गोंधळ इथेच होतो. 'मुलगा लंडनला आहे' एवढ्यावरून काहीच कळत नाही. तो तिथे कोणत्या नात्याने राहतो, यावर सुनेचा व्हिसा ठरतो.

मुलगा किंवा मुलगी कंपनीच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल, तर जोडीदार 'डिपेंडंट' म्हणून जातो. आयटीतली बहुतेक मराठी जोडपी याच रस्त्याने जातात. त्यांना २९,००० पाउंडांची, म्हणजे ब्रिटनमधल्या जोडीदाराच्या किमान वार्षिक उत्पन्नाची, अट लागू नाही आणि या लेखातला बराचसा भागही नाही. मात्र सगळ्याच कामगारांना ही मुभा राहिलेली नाही. ११ मार्च २०२४ पासून नव्याने गेलेल्या केअर वर्करला, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्याला, जोडीदार नेता येत नाही. १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्स अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांनाही नाही. 'आधी मास्टर्सला जा, मग बायकोला बोलावून घे' असा सल्ला अजून कुणी देत असेल तर तो जुना झाला आहे.

मुलगा किंवा मुलगी ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक असेल, किंवा तिथे कायम राहण्याची परवानगी, म्हणजे सेटलमेंट मिळालेली असेल, तर जोडीदाराला कौटुंबिक व्हिसाचा रस्ता आहे. पुढचे सगळे त्याबद्दल.

तिसरा रस्ता गोव्यातल्या वाचकांसाठी. पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेलेले गोवेकर स्विंडन आणि साउथॉलमध्ये पुष्कळ आहेत. असा माणूस ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ब्रिटनमध्ये राहायला गेला असेल, त्याला युरोपीय नागरिकांना ब्रेक्झिटनंतर मिळालेला सेटल्ड (कायमचा) किंवा प्री-सेटल्ड (तात्पुरता) राहण्याचा दर्जा असेल आणि लग्नही त्या तारखेपूर्वीचे असेल, तर बायको किंवा नवरा युरोपीय योजनेखाली जातो. अर्जाची फी नाही, आरोग्य अधिभार (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) नाही, उत्पन्नाची अट नाही. लग्न जानेवारी २०२१ मध्ये झाले असेल, तर तोच माणूस आणि तीच बायको २९,००० पाउंडांच्या रांगेत. ब्रेक्झिटच्या आधी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला बायको आणणे खुद्द ब्रिटिश नागरिकापेक्षा सोपे होते, हीदेखील एक गंमतच. म्हणून मडगावच्या एखाद्या घरातल्या थोरल्या भावाचा अनुभव धाकट्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

पायरी २: लग्नाची नोंद आणि नावांची जुळणी

लग्न जिथे झाले तिथल्या कायद्याने ते वैध असावे लागते. मंगल कार्यालयाची पावती, पत्रिका आणि सप्तपदीचा व्हिडिओ हे पूरक पुरावे झाले. मुख्य कागद म्हणजे नोंदणीचे प्रमाणपत्र. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद होते. ती लग्नानंतर ९० दिवसांत करायची असते. गोव्यात नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे होते. दोघेही अर्जाच्या दिवशी १८ पूर्ण हवेत आणि कधीतरी प्रत्यक्ष भेटलेले हवेत. घटस्फोटित असाल तर आधीचे लग्न संपल्याचा न्यायालयाचा हुकूमनामा जोडा. नुसता 'काडीमोड झाला' असा पंचांचा कागद चालत नाही.

आता आपल्याकडची खास अडचण, नावाची. लग्नाआधी पासपोर्टवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. लग्नानंतर आधारवर नवऱ्याचे नाव चढते, पॅनवर अर्धवट बदल होतो, बँकेत तिसरेच काही असते. व्हिसाच्या घाईत पासपोर्टवरचे नाव बदलायला जाऊ नका. ते बदलण्याची सक्ती नाही. अर्ज पासपोर्टवर आहे त्याच नावाने भरा आणि 'इतर नावे' या रकान्यात आजवर वापरलेली सगळी नावे लिहा. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत भाषांतर लागते. त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याची हमी असावी.

भारतात लग्न करणे ज्यांना शक्यच नाही, त्यांनी काय करायचे? समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. ब्रिटिश नियम मात्र समलिंगी आणि भिन्नलिंगी जोडप्यांत फरक करत नाहीत. त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, सहा महिन्यांचा वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा घेऊन ब्रिटनमध्ये लग्न करणे. त्या काळात नोकरी करता येत नाही आणि नंतर तिथूनच पुन्हा फी भरून दुसरा अर्ज करावा लागतो. दुसरा, किमान दोन वर्षे लग्नासारखे नाते असल्याचे दाखवून अविवाहित जोडीदार म्हणून अर्ज करणे. पूर्वी त्यासाठी दोन वर्षे एका छताखाली राहिल्याचे दाखवावे लागे. जानेवारी २०२४ मध्ये ती अट गेली. घरच्यांच्या धाकाने वेगळे राहिलेल्या जोडप्यांसाठी हा बदल फार मोलाचा आहे. मात्र वेगळे का राहिलो, हे अर्जासोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावे लागते.

पायरी ३: नाते खरे असल्याचा पुरावा

या मुद्द्यावर ब्रिटिश यंत्रणेचा इतिहास फार काळा आहे. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी घेतली गेली. ते उघड झाल्यावर भारतात आणि ब्रिटनमध्ये संताप उसळला. पुढे 'लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनला येणे हा नव्हता' हे जोडप्यानेच सिद्ध करायचे, असा नियम होता. नसलेली गोष्ट नाही म्हणून सिद्ध करायची! तो नियम जून १९९७ मध्ये रद्द झाला. आज नाते खरे आहे, चालू आहे आणि दोघांना कायम एकत्र राहायचे आहे, एवढे दाखवायचे असते.

ठरवून केलेले लग्न हे काही संशयाचे कारण नाही, पण त्यात पुरावा कमी साठतो. दोन भेटींत होकार, तीन महिन्यांत लग्न, पंधरा दिवसांत नवरा परत. म्हणून कालक्रम उभा करा. स्थळ कसे आले, कोण कुणाच्या घरी गेले, साखरपुडा कधी झाला, लग्न कधी झाले, त्यानंतर कोण कुणाला भेटायला गेले. पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटे त्याला जोडा. व्हॉट्सअ‍ॅपचे हजार पानांचे गठ्ठे कुणी वाचत नाही. दर महिन्याची दोन-तीन पाने आणि कॉलची यादी पुरते. फोटोंत फक्त स्टेजवरचे नकोत, दोन्ही घरची माणसे एकत्र असलेले साधे फोटोही हवेत. दोघांनी आपापल्या शब्दांत एकेक पानाचे पत्र लिहावे. एजंटने दिलेला नमुना उतरवला की दोन्ही पत्रांतली वाक्ये सारखी निघतात, आणि तिथेच संशय सुरू होतो.

पायरी ४: २९,००० पाउंड

बहुतेक अर्ज इथेच अडतात, म्हणून सावकाश वाचा.

जुलै २०१२ पासून ब्रिटनमधल्या जोडीदाराचे, म्हणजे स्पॉन्सरचे, वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पाउंड असावे लागे. ११ एप्रिल २०२४ पासून ते २९,००० झाले. आधीच्या सरकारचा ३८,७०० पर्यंत जायचा बेत होता. जुलै २०२४ मध्ये आलेल्या सरकारने तो थांबवला आणि प्रश्न स्थलांतर सल्लागार समितीकडे सोपवला. आता मुलांसाठी वेगळी जादा रक्कम दाखवावी लागत नाही. ११ एप्रिल २०२४ पूर्वीच याच जोडीदाराच्या नात्याने या मार्गावर आलेल्यांना पुढच्या मुदतवाढीतही जुनी १८,६०० ची अटच लागू राहते. 'आता २९,००० लागतील' म्हणून हातपाय गाळणाऱ्यांनी हे नीट तपासावे.

या रकमेचा अर्थ काय? एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमधले किमान वेतन तासाला १२.२१ पाउंड ठरले. त्या दराने आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षभर पूर्णवेळ राबले तरी २३,८०० च्या आसपासच होतात. म्हणजे देशाच्या कायद्याने पुरेसे ठरवलेले वेतन मिळवणाऱ्याला त्याच देशाच्या दुसऱ्या नियमाने संसार करता येत नाही. लंडनमधल्या बँकरला आणि उत्तर इंग्लंडमधल्या बर्नलीसारख्या शहरात दुकानात काम करणाऱ्या मुलीला अट एकच. अर्धवेळ काम करणाऱ्यांत बायका जास्त, तेव्हा भार कुणावर जास्त पडतो हे सांगायला नको.

पुरावा कसा उभा करायचा? स्पॉन्सर पगारदार असेल आणि एकाच कंपनीत सहा महिने पूर्ण झाले असतील, तर सहा महिन्यांच्या पे-स्लिप, त्याच सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचे पत्र. पत्रात नोकरी कधीपासून, कायम की तात्पुरती, वार्षिक पगार किती, हे हवे. सहा महिन्यांत पगार वाढला असेल तर त्या काळातला सर्वांत कमी पगार धरला जातो. फेब्रुवारीत पगार ३१,००० झाला म्हणून मार्चमध्ये अर्ज केला, तर जुनाच आकडा मोजला जाईल. शेवटचे स्टेटमेंट आणि पे-स्लिप अर्जाच्या तारखेच्या आधीच्या २८ दिवसांतली असावीत. नोकरीला सहा महिने झाले नसतील तर दोन गोष्टी दाखवायच्या: आजचा पगार २९,००० आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष हाती आलेलेही २९,०००. स्वतःचा धंदा असेल तर संपलेल्या आर्थिक वर्षाचे हिशेब. दोघेही सध्या भारतातच राहत असाल आणि स्पॉन्सर ब्रिटिश नागरिक असेल, तर इथली कमाई धरता येते. अट अशी की परत गेल्यावर तीन महिन्यांच्या आत सुरू होणारी नोकरी हातात असावी.

भारतातून अर्ज करणाऱ्या जोडीदाराचा पगार मात्र मोजत नाहीत. हिंजवडीत वर्षाला वीस लाख मिळवणाऱ्या बाईचा पगार हिशेबात शून्य. पण तिच्या नावावर पुण्यात दुसरा फ्लॅट असेल तर त्याचे भाडे चालते! भाडेकरार, मालकीचे कागद आणि भाडे जमा होणाऱ्या खात्याचे बारा महिन्यांचे स्टेटमेंट जोडायचे. कमावत्या बाईपेक्षा तिचा भाडेकरू जास्त विश्वासाचा, हे कोणत्या तर्कात बसते ते नियम करणाऱ्यांनाच ठाऊक. पण ही वाट आहे आणि ती वापरावी.

बचतीचा हिशेब असा. पहिले १६,००० पाउंड धरतच नाहीत. त्यावरच्या रकमेला अडीचने भागायचे आणि येणारा आकडा उत्पन्नात मिळवायचा. पगार २५,००० असेल तर ४,००० ची तूट, म्हणजे १६,००० अधिक १०,०००, एकूण २६,००० पाउंड बचत हवी. उत्पन्न अजिबात नसेल तर ८८,५०० पाउंड. ही रक्कम दोघांपैकी कुणाच्याही किंवा दोघांच्या नावावर सहा महिने रोख स्वरूपात असावी. वडिलांनी दिलेली भेट चालते, उसनवार चालत नाही. मुदत ठेव मोडता येत असेल तर चालते, सोने चालत नाही. म्युच्युअल फंड किंवा जमीन विकून आलेले पैसे सहा महिने जुने नसले तरी चालतात, मात्र ती मालमत्ता आधीपासून आपलीच होती हे कागदावर दाखवावे लागते. गावच्या पतसंस्थेतल्या ठेवीवर अर्ज उभा करू नका. नियामकाच्या देखरेखीखालच्या बँकेतच पैसे ठेवा. धंद्याच्या उत्पन्नासोबत बचत जोडता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

स्पॉन्सर बाळंतपणाच्या रजेवर असेल तर? रजेतला अर्धामुर्धा पगार पाहून बायका अर्ज पुढे ढकलतात. त्याची गरज नाही. नियमात सोय आहे की रजा सुरू झाल्याची तारीख हीच अर्जाची तारीख मानून त्याआधीचा पगार धरायचा. आजारपणाच्या आणि पितृत्व रजेलाही हेच लागू. कंपनीच्या पत्रात रजेची सुरुवात आणि त्याआधीचा पगार स्पष्ट लिहून घ्या.

समानतेचा कायदा इथे कुठे बसतो

'२०१० च्या समानता कायद्याखाली हा भेदभाव आहे' असे अर्जात मोठ्या अक्षरांत लिहून काही साधत नाही. त्या कायद्यातच इमिग्रेशनसाठी राष्ट्रीयत्व आणि वांशिक मूळ यांबाबत अपवाद करून ठेवले आहेत. 'भारतीय म्हणून माझ्यावर अन्याय' हा मुद्दा म्हणून तिथेच संपतो. उपयोग होतो तो युरोपीय मानवी हक्क कराराचा. त्यातले आठवे कलम कौटुंबिक जीवनाचा हक्क देते आणि चौदावे त्या हक्कात भेदभावाला मनाई करते. १९९८ च्या मानवी हक्क कायद्यामुळे ही कलमे ब्रिटिश न्यायालयांतच मागता येतात.

उत्पन्नाच्या अटीवरचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०१७ च्या निकालाने अट तत्त्वतः वैध ठरवली. पण मुलांच्या हिताचा पुरेसा विचार होत नाही आणि उत्पन्नाचे इतर मार्ग दुर्लक्षिले जातात, यावर न्यायालयाने बोट ठेवले. त्यातून ऑगस्ट २०१७ मध्ये अपवादाचा नियम आला. नकारामुळे जोडप्यावर किंवा मुलावर असमर्थनीय इतका कठोर परिणाम होणार असेल, तर सासू-सासऱ्यांची खात्रीशीर मदत किंवा अर्जदाराला मिळू घातलेली नोकरीसुद्धा विचारात घ्यावी लागते. ब्रिटिश मूल असेल, किंवा स्पॉन्सर आजारी आई-वडिलांना सोडून भारतात येऊ शकत नसेल, तर हा मुद्दा पहिल्याच अर्जात पुराव्यासह मांडा. शाळेचे पत्र, डॉक्टरचे पत्र, मदत करणाऱ्याची बँक स्टेटमेंट, सगळे जोडा. या वाटेने व्हिसा मिळाला तर सेटलमेंटपर्यंत पाचाऐवजी दहा वर्षे लागतात. म्हणून अपवाद आधी धरू नका. सरळ रस्ता खरोखर बंद असेल तरच त्याला हात घाला.

अपंगत्वाबाबत मात्र नियमातच थेट सूट आहे. स्पॉन्सरला पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, अटेंडन्स अलाउन्स, केअरर्स अलाउन्स असे ठरावीक भत्ते मिळत असतील तर २९,००० ची अट गळून पडते. घरखर्च जाऊन कुटुंबाला पुरेसे उरते एवढेच दाखवायचे. आजारी आईची देखभाल करणाऱ्या मुलीला केअरर्स अलाउन्स मिळू शकतो. कित्येक जणी तो लाजेकाजेस्तव मागतच नाहीत आणि मग २९,००० च्या मागे धावत बसतात.

पायरी ५: इंग्रजी, टीबी, घर

हे तुलनेने सोपे आहे. बोलणे आणि ऐकणे यांची ए१, म्हणजे सर्वांत प्राथमिक, पातळीची परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेचीच द्या. पदवी इंग्रजी माध्यमातून असेल तर परीक्षा चुकते, पण भारतीय पदवीसाठी परदेशी पदव्यांची पडताळणी करणाऱ्या एक्टिस या संस्थेचा दाखला लागतो. ६५ वर्षांवरील आणि अपंगत्वामुळे परीक्षा देऊ न शकणाऱ्यांना सूट आहे. टीबीची तपासणी ब्रिटिश सरकारच्या यादीतल्या केंद्रातच करा. फॅमिली डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही आणि दाखला सहा महिनेच टिकतो. घर स्वतःचे असायला हवे असे नाही. सासरच्या घरात राहणार असाल तर घरमालकाचे संमतिपत्र आणि किती खोल्यांत किती माणसे राहतात याचा तपशील द्या.

पायरी ६: पैशांची तयारी

एप्रिल २०२५ च्या दरांनी भारतातून अर्जाची फी १,९३८ पाउंड. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५. व्हिसा ३३ महिन्यांचा असल्याने तीन वर्षांचे ३,१०५ पाउंड एकदम भरायचे. म्हणजे पहिल्याच दिवशी ५,०४३. अडीच वर्षांनी मुदतवाढीची फी १,३२१ आणि अधिभार २,५८७.५०. पाच वर्षांनी सेटलमेंटचे ३,०२९. सगळे मिळून १२ हजार पाउंडांच्या घरात. एवढा खर्च पाहून कुणी 'हमखास व्हिसा' देणाऱ्या एजंटकडे वळले तर नवल नाही. पण तशी हमी कुणालाच देता येत नाही. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देण्यासाठी सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणी असलेला सल्लागारच लागतो. नोंदणीशिवाय सल्ला देणे तिथे गुन्हा आहे. पैसे देण्याआधी नोंदणी तपासा.

पायरी ७: अर्ज, वाट पाहणे, आणि नकार आला तर

अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद अपलोड करायचे आणि बोटांचे ठसे व फोटो द्यायला व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात जायचे. निर्णयाला साधारण १२ आठवडे धरा. पूर्वी मिळणारे प्लॅस्टिकचे परवाना-कार्ड आता बंद झाले असून नोंद ऑनलाइन असते. त्या खात्याचा पासवर्ड अर्जदाराने स्वतःकडे ठेवावा, नवऱ्याच्या किंवा दिराच्या ईमेलवर ठेवू नये. कारण पुढे येतेच.

अर्जात काही लपवू नका. आधी कधी व्हिसा नाकारला गेला असेल, कुठे मुदत उलटून राहिला असाल, तर सांगून टाका. सांगितल्याने खुलासा करायची संधी मिळते. खोटे उघडे पडले तर पुढच्या दहा वर्षांतले अर्जही धोक्यात येतात.

नकार आलाच तर भारतातून २८ दिवसांत मानवी हक्कांच्या मुद्द्यावर ब्रिटनमधल्या ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) अपील करता येते. पण आधी नकाराचे पत्र शांतपणे वाचा. पे-स्लिप राहिली, तारीख चुकली, अशी चूक असेल तर नवा अर्ज बहुधा लवकर मार्गी लागतो, कारण अपिलाला कित्येक महिने जातात. नाते खोटे ठरवले असेल किंवा मुलाच्या हिताकडे दुर्लक्ष झाले असेल, तर मात्र अपीलच करा. तो शिक्का तसाच राहू दिला तर पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो.

पोहोचल्यावर, आणि घर मोडले तर

जोडीदाराच्या व्हिसावर पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. सरकारी भत्ते मात्र मिळत नाहीत. मुदतवाढीच्या वेळी दोघांचाही ब्रिटनमधला पगार धरला जातो, म्हणून आल्यावर लवकर काम मिळाले तर अडीच वर्षांनी २९,००० चा प्रश्न सहज सुटतो.

लग्न मोडले तर व्हिसाचा आधारच जातो आणि मुदत बहुधा ६० दिवसांवर आणली जाते. या भीतीने कितीतरी बायका मार खात राहतात. त्यांना ठाऊक असायला हवे: घरगुती छळामुळे नाते तुटले असेल, तर ब्रिटिश किंवा स्थायिक माणसाच्या जोडीदाराला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतंत्रपणे सेटलमेंट मागता येते. हातात पैसे नसतील तर आधी तीन महिन्यांची तात्पुरती सवलत मिळते आणि त्या काळात सरकारी मदतही घेता येते. छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे. पैसे हिसकावून घेणे, पासपोर्ट दडवणे, माहेरी फोन करू न देणे, हेही त्यात येते.

आणखी एक प्रकार आपल्याकडे नवा नाही. 'चल, आईला भेटून येऊ' म्हणून बायकोला भारतात आणायचे, माहेरी सोडायचे, पासपोर्ट घेऊन एकट्याने परत जायचे. पूर्वी छळाची सवलत फक्त ब्रिटनमध्ये असलेल्या बाईलाच मिळे. म्हणजे नवऱ्याने बायकोला देशाबाहेर टाकले की तिचा हक्कही संपला. २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात हा भेदभाव बेकायदा ठरवला. जानेवारी २०२४ पासून अशा टाकून दिलेल्या जोडीदारालाही बाहेरून अर्ज करण्याचा रस्ता खुला झाला. आठवे आणि चौदावे कलम एकत्र वापरल्यावर काय होऊ शकते, याचे हे अलीकडचे चांगले उदाहरण. अशी वेळ आलेल्या मुलीने भारतात पोलिसांत तक्रार नोंदवावी, पासपोर्ट गेल्याचे कळवावे, नवऱ्याचे मेसेज जपून ठेवावेत आणि ब्रिटनमधल्या नोंदणीकृत वकिलाशी लगेच संपर्क साधावा. ऑनलाइन खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवायचा तो यासाठी.

शेवटची पायरी: सेटलमेंट आणि नागरिकत्व

पाच वर्षे पूर्ण होण्याच्या २८ दिवस आधीपासून सेटलमेंटचा अर्ज करता येतो. त्यासाठी बी१, म्हणजे ए१ पेक्षा वरच्या, पातळीचे इंग्रजी आणि 'लाइफ इन द यूके' ही ब्रिटनच्या जीवनाविषयीची परीक्षा लागते. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने बाकीच्या बऱ्याच जणांसाठी ही मुदत दहा वर्षांची करण्याचे जाहीर केले, पण ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांसाठी पाचच ठेवण्याचे सांगितले. स्पॉन्सर नागरिक नसून नुसता स्थायिक असेल, तर अर्जाच्या वेळचा नियम पाहूनच पुढचा बेत आखा.

जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल तर सेटलमेंट मिळताच नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, इतरांना आणखी बारा महिने थांबावे लागते. ब्रिटिश नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. मग भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीच्या) कार्डासाठी अर्ज करायचा. ओसीआयवर भारतात राहता येते, नोकरी करता येते, फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही. शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. गावाकडे भावाबहिणींत जमीन घ्यायचे घाटत असेल किंवा सातबाऱ्यावरची वारसनोंद रखडलेली असेल, तर ती कामे भारतीय पासपोर्ट हातात आहे तोवरच उरकून घ्या.